तीन मिनिटांची शाळा



या आठवड्याच्या टपालात एक पत्र असं आलंय, की बाकीच्यांना थोडं थांबावं लागणार. (पोपटाच्या चोचीबद्दल विचारणाऱ्या मंडळींनो, रागावू नका, तुमचा नंबर पुढच्या वेळी.) पत्र नाशिकच्या एका मैत्रिणीचं आहे. ती नववीत आहे. ती लिहिते, "दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर मार्क पडले तर बाबा मला अ‍ॅबिसिनियन मांजर घेऊन देणार आहेत. मी व्हिडिओत पाहिलं, ती 'बस' म्हटलं की बसते, टाळी देते, कड्यातून उडी मारते. पण आजी म्हणते, कुत्रं शिकतं, मांजर आपल्याला शिकवतं. खरं काय?" आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात : "आमच्या घरी दिवसभर कुणी नसतं. चालेल ना?"

आजींचं वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय. फारच बेस्ट आहे! ते बारीक अक्षरातलं मात्र जरा अवघड प्रकरण आहे. त्याच्याकडे येऊच. आधी या मनीची नीट ओळख करून घेऊ.

अ‍ॅबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया. तिथला सम्राट थिओडोर यानं इंग्रजांचा वकील आणि काही पाद्री कैदेत ठेवले होते. त्यांना सोडवायला १८६७ च्या अखेरीस एक मोठी फौज निघाली. कुठून, सांगा पाहू? आपल्या मुंबईहून! फौजेचा प्रमुख सर रॉबर्ट नेपियर हा मुंबईच्या सैन्याचा सरसेनापती होता. डोंगरातून जड तोफा न्यायच्या म्हणून हिंदुस्थानातून ४४ हत्तीसुद्धा जहाजात चढवले होते. (हत्ती जहाजात कसे चढवतात, यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं.) तांबड्या समुद्राच्या काठी झुला नावाच्या गावाजवळ फौज उतरली, आणि एप्रिल १८६८ मध्ये मगदालाचा किल्ला पडला. पुढं १८७४ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या गृहस्थांनी इंग्लंडमध्ये मांजरांवर एक पुस्तक काढलं. त्यात एका मांजरीचं रंगीत चित्र आहे. नाव 'झुला', आणि माहिती अशी, की युद्ध संपल्यावर ती अ‍ॅबिसिनियातून आणली. झालं, तेव्हापासून या जातीला अ‍ॅबिसिनियन हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

पण गंमत पुढेच आहे. हॉलंडमधल्या लायडन शहराच्या संग्रहालयात याच तऱ्हेची, पेंढा भरलेली एक मांजर आहे. ती १८३० च्या दशकात विकत घेतलेली, म्हणजे झुलाच्याही तीसेक वर्षं आधीची. आणि तिच्या चिठ्ठीवर देश लिहिलाय 'इंडिया'! अलीकडे शास्त्रज्ञांनी मांजरांचे डीएनए तपासले, तेव्हा त्यांचंही बोट आफ्रिकेकडे वळलं नाही. ते वळलं हिंदी महासागराच्या किनाऱ्याकडे आणि आग्नेय आशियाकडे. म्हणजे नाव सासरचं, माहेर आपल्या बाजूचं. जहाजांवर उंदीर मारायला मांजरं ठेवायचेच, त्यामुळे त्यांना समुद्र ओलांडणं काही कठीण नव्हतं.

दिसायला ती कशी? मुंगूस जवळून पाहिलंय का? त्याचा एकेक केस एका रंगाचा नसतो. त्यावर फिक्या-गडद रंगांचे आडवे पट्टे असतात, आणि लांबून सगळं अंग धुळीसारखं चमकतं. तसंच हिचं. अंगावर ठिपके नाहीत, वाघासारखे पट्टे नाहीत, प्रत्येक केसावरच काय ते पट्टे. शरीर सडपातळ, कान मोठे, वजन साधारण तीन ते पाच किलो.

माझ्या मावसबहिणीकडे, इंग्लंडमध्ये लेस्टरला, अशा दोघी आहेत. मिरी आणि लवंग. तिच्याकडे मी तीन आठवडे राहिले होते, तेव्हा या जातीचं मांजर घरात असणं म्हणजे काय, ते चांगलंच कळलं. मांडीवर येऊन घुर्रघुर्र करत झोपणारी मनी हवी असेल, तर ही नव्हे बरं का! ही तुमच्याजवळ असते, पण कामात असते. मी बॅग उघडली, तर मिरी आधी आत. भाजणीची पुडी, मेतकुटाची पुडी, लोणच्याची बरणी, एकेक वस्तू हुंगून तपासली. कस्टमवाल्यांनी इतकं तपासलं नव्हतं. पहाटे पाचला दोघींची शर्यत सुरू : पलंग, कपाट, दाराची वरची कड, परत पलंग. दाराची मूठ खाली दाबली की दार उघडतं, हे लवंगनं नुसतं बघून हेरलेलं. नळ सुरू झाला की कुठूनही धावत यायचं, आणि पंजानं पाण्याची धार धरता येते का ते रोज नव्यानं बघायचं.

खेळणं मात्र तीन दिवसांत शिळं होतं. म्हणून माझ्या बहिणीनं खेळण्यांचे चार डबे केलेत. एक डबा बाहेर, तीन बंद, आणि दर दोन दिवसांनी अदलाबदल. जेवणही सगळं बशीत मिळत नाही. थोडं कागदी नळकांड्यांत लपवलेलं, थोडं अंड्याच्या ट्रेच्या खळग्यांत. शोधा आणि खा! दुसऱ्यानं पाहिलं तर म्हणेल, काय हे लाड. पण ते लाड नव्हेत. मांजर म्हणजे शिकारी प्राणी, त्याला शोधण्याचं काम लागतं. साध्या मनीलाही लागतं, हिला जरा जास्तच लागतं.

आता आजींच्या वाक्याची गोष्ट. लवंगला स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढायची सवय. गॅस चालू, कढईत तेल, म्हणजे धोकाच. माझ्या बहिणीनं काय केलं, तर ती चढली की उचलायची, शेजारच्या स्टुलावर ठेवायची आणि "इथं बसायचं हं" म्हणून चिकनचा एक कण द्यायची. दहा दिवसांनी लवंग काय शिकली असेल? ओट्यावर उडी मार, मग स्टूल मिळतं, मग खाऊ! दिवसातनं वीस वेळा ती ओट्यावर. कोण कोणाला शिकवत होतं, तुम्हीच सांगा. उपाय एका वाक्याचा निघाला. ओट्यावरून उतरवल्यावर खाऊ अजिबात नाही, पण ती आपणहून स्टुलावर बसलेली दिसली की लगेच. आठवडाभरात लवंगबाई पोळ्या होईपर्यंत स्टुलावर, राणीसारख्या.

हे असं का होतं, ते एका माणसानं शंभराहून जास्त वर्षांपूर्वी नीट तपासलं होतं. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक नावाचा न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठातला तरुण विद्यार्थी होता. त्यानं लाकडी पट्ट्यांच्या पेट्या केल्या. आत भुकेलेलं मांजर, बाहेर मासळीचा तुकडा. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला, की दार उघडणार. पहिल्यांदा मांजर बोचकारतं, ढकलतं, ओरडतं, आणि चुकून दोरी ओढली जाते. पुन्हा आत ठेवलं की जरा लवकर. पुन्हा, आणखी लवकर. शेवटी आत ठेवल्या ठेवल्या दोरीलाच हात! एका पेटीत तर त्यानं असं केलं, की मांजरानं स्वतःचं अंग चाटलं की दार उघडायचं. तेही ती शिकली. फक्त दिवस जातील तसं ते चाटणं आखूड होत गेलं, नुसता देखावा राहिला. म्हणजे गृहपाठ उरकायची युक्ती तुम्हालाच माहितीय असं नाही.

थॉर्नडाइकनं त्यातून जे सांगितलं ते आजही शिकवतात : ज्या कृतीनंतर सुखाचं काही मिळतं, ती कृती पुन्हा होते. त्याच्या पेट्यांतली मांजरं साधीसुधीच होती. कुणी जातिवंत वगैरे नव्हती.

मग मिरी-लवंगची शाळा कशी चालते? वेळ तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, जेवणाच्या आधी. पोट भरल्यावर तुम्ही तरी शिकवणीला बसता का? साहित्य : एक बॉलपेन, एक लाकडी चमचा आणि खाऊ. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे किंवा मासळीचे कण, ज्वारीच्या दाण्याएवढे. त्यात मीठ-मसाला नाही, आणि कांदा-लसूण तर मुळीच नाही, तो मांजरांना विषारी असतो. पेढा-बत्तासाही उपयोगाचा नाही. मांजराच्या जिभेला गोड चवच लागत नाही! गोडाची चव ओळखणारा एक जनुक मांजरांमध्ये बंद पडलेला आहे, हे २००५ साली सापडलं.

पहिला धडा : पेनाचं बटण दाबून 'टिक' करायचं, लगेच एक कण द्यायचा. टिक, कण. टिक, कण. दहाएक वेळा. त्यातून मांजराला कळतं की 'टिक' झाली म्हणजे खाऊ येणारच. हा आवाज का हवा? कारण मांजर बसलं, आपण डबा उघडेपर्यंत ते उठलं, तर बक्षीस उठण्याला मिळालं की! 'टिक' नेमका तो क्षण पकडते, फोटो काढावा तशी. अमेरिकेत १९४० च्या दशकात प्राण्यांना शिकवणाऱ्यांनी अशी आवाजाची खूण वापरायला सुरुवात केली. आज डॉल्फिनपासून कोंबडीपर्यंत सगळे तिच्यावर शिकतात.

दुसरा धडा : चमचा नाकासमोर चार बोटांवर धरायचा. मांजर हुंगायला नाक लावणार, ती त्याची खोडच असते. नाक लागलं, टिक, कण. हे पक्कं झालं की चमचा जाईल तिकडे मांजर जातं. खुर्चीवर, टेबलाखालून, कड्यातून. 'बस' शिकवायचं तर चमचा नाकावरून हळूच डोक्याच्या मागे न्या. वर बघताना बूड आपोआप टेकतं. टेकलं, टिक! ढकलून बसवायचं नाही. मांजराला ढकललं की ते उलट जोर लावतं, मग निघून जातं आणि परत येत नाही.

आणि ओरडणं, चापट, पाण्याची पिचकारी, काहीही नाही. शाळेची घंटाही तिच्याच हातात. शेपूट फटकारायला लागली, कान मागे गेले, उठून चालती झाली, की शाळा सुटली. "एवढं एकदा कर ना गं" म्हणत मागे जायचं नाही. मला विचाराल तर, कुत्र्यात आणि मांजरात खरा फरक हाच आहे. अक्कल दोघांनाही असते, पण आपल्याला खूश करणं हे मांजराच्या कामांच्या यादीत नसतं. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली दाखवून दिलं, की मांजरांना स्वतःचं नाव इतर शब्दांतून ओळखता येतं. हाक मारल्यावर यायचं की नाही, हे ती नंतर ठरवतात! इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठानं २०२३ साली, फेकलेली वस्तू परत आणून देणाऱ्या १,१५४ मांजरांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली. शंभरातल्या ९४ मांजरांना हा खेळ कुणी शिकवलेलाच नव्हता. खेळ कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा, तेही बऱ्याचदा मांजरच ठरवत होतं. आजींना शंभरपैकी शंभर द्यायला हरकत नाही.

टाळी देणं, कड्यातून उडी मारणं ही झाली पाहुण्यांसाठीची मौज. खरा उपयोग दुसरीकडे आहे. मांजराला डॉक्टरांकडे न्यायची टोपली आली की घरोघरी काय तमाशा होतो, ठाऊक आहे ना? मनी कपाटाच्या मागे, दादाच्या हाताला ओरखडे, आई दारात "रिक्षा थांबलीय रे!" म्हणून ओरडतेय. मिरी-लवंगची टोपली वर्षभर खोलीत उघडी असते. चमचा टोपलीत, मांजर टोपलीत, टिक. दार एक क्षण लावलं, टिक, उघडलं. मग दोन क्षण, मग दहा. नखं कापायची तर आधी नुसता पंजा हातात धरला, टिक. एका दिवशी एकच नख. मिरी एकदा आजारी पडली तेव्हा ती स्वतः टोपलीत जाऊन बसली. ताप होता, दमलेली होती, तरी घाबरलेली नव्हती. माझी बहीण म्हणाली, "एवढ्यासाठी तरी ती तीन मिनिटं वसूल झाली बघ."

आता त्या बारीक अक्षरांकडे येऊ.

नाशिकच्या मैत्रिणी, तू विचारलंस "चालेल ना?" माझं उत्तर, नाही. आत्ता तरी नाही. सगळ्या मांजरांत सारखाच दंगा नसतो. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठानं २०१९ साली पाच हजारांहून अधिक मांजरांची तुलना केली, तेव्हा अ‍ॅबिसिनियन जात सर्वांत चळवळ्या जातींत निघाली. अशा मांजराला रिकाम्या फ्लॅटमध्ये दहा-बारा तास ठेवलं तर काय होतं? ते पडदे फाडतं, हे त्यातल्या त्यात बरं. काही मांजरं स्वतःचं पोट चाटून चाटून तिथले केस काढून टाकतात. काही दिवसभर दाराशी ओरडतात. काही नुसती झोपून राहतात, आणि घरच्यांना वाटतं, वा, किती शहाणी! मग एक दिवस "आम्हाला झेपत नाही" म्हणून ती दुसऱ्याच्या घरी जाते. व्हिडिओत हे दिसत नाही. व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा असतो.

हिशेबही करून बघ. घरातलं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. तू सोळाव्या वर्षी आणलंस, तर ते तुझ्यासोबत तिशीपर्यंत. बारावी, कॉलेज, कदाचित होस्टेल, नोकरी. तेव्हा रोजची तीन मिनिटं कोण देणार? आई-बाबांना खरंच विचार, आणि हो-नाही लिहून घे. घर शाकाहारी असेल तर तेही आधी बोला. मांजराला प्राणिज अन्न लागतंच, वरणभातावर त्याची दृष्टी नि हृदय दोन्ही बिघडतं. आणि मार्कांवर पैज लावणं मला काही पसंत नाही. ८९ पडले तर मांजर नालायक ठरलं का?

आणखी एक गोष्ट सांगते, ती विकणारे सहसा सांगत नाहीत. जातिवंत म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या थोड्याच घरांतली सोयरीक. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये या जातीची जेमतेम डझनभर मांजरं उरली होती, असं म्हणतात. अशा वेळी एखादा दोष सगळ्या कुळात पसरतो. या जातीत डोळ्यांचा एक आनुवंशिक आजार आहे. पिल्लू जन्मतः ठणठणीत, दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत काही कळत नाही, मग हळूहळू दृष्टी जाते. जगात ज्या मांजरीचा जीनोम सगळ्यांत आधी वाचला गेला, ती अमेरिकेतली 'सिनॅमन', म्हणजे दालचिनी, अ‍ॅबिसिनियनच होती. २००७ साली ते काम प्रसिद्ध झालं, आणि या आजारामागचा जनुकही सापडला. आता त्याची डीएनए चाचणी होते. रक्ताचा एक आनुवंशिक आजारही आहे, त्याचीही चाचणी आहे. म्हणून पुढे कधी घेतलंच, तर पिल्लाच्या आई-वडिलांचे दोन्ही रिपोर्ट मागायचे. "कशाला हवेत?" असं उत्तर आलं की चहा न घेता उठायचं. पिल्लू बारा आठवड्यांपेक्षा लहान नको. एकटं नको, जोडी हवी. आणि बाल्कनीला, खिडक्यांना जाळी आधी, मांजर नंतर.

तोवर काय? तोवर चमचा आहेच की! घरात, नाहीतर काकूंकडे, साधी मनी असेल तर तिच्यावर धडा पहिला सुरू कर. पट्टेवाली, काळी, तीनरंगी, कुणीही चालेल. शिकण्याचा नियम एकच आहे. फक्त रस्त्यावरच्या अनोळखी मांजराला हात लावायचा नाही. चुकून ओरखडा किंवा चावा बसलाच, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यायची. घरी लपवायचं नाही.

सगळ्यांनीच करून बघा आणि कळवा, तुमच्या मनीनं चमच्याला नाक लावायला किती दिवस घेतले ते. लवंगला एक दुपार पुरली होती. मिरीनं चार दिवस चमच्याकडे पाठ करून काढले, आणि पाचव्या दिवशी आली ती थेट खाऊच्या डब्याचं झाकण उघडूनच.

पोपटवाले, पुढच्या आठवड्यात नक्की.